माझ्या दोन पट्ट्या चांगल्या होत्या

काल दुपारी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात गाडी लावली, दार लावायला हात टेकवला आणि काळ्या पट्टीचा कोपरा बोटाला लागला. उचललेला. खालून नखाएवढं क्रोम चमकत होतं. मागच्या दाराचीही तीच गत. साडेचार हजार रुपये मोजलेत मी या कामाचे, आणि अजून तीन महिनेही झालेले नाहीत!

खिडक्यांखालची क्रोमची पट्टी वर काळी विनाइल फिल्म चिकटवून काळी करायची होती, एवढंच. फेब्रुवारीत मी स्वतःच सुरुवात केली होती. एका रविवारी डाव्या बाजूची दोन दारं केली, पाच तास लागले. पट्टी आधी शाम्पूनं धुतली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसली. काचेच्या रबराखाली मेणकट काळी घाण बसलेली असते, ती पातळ प्लास्टिकला कापड गुंडाळून खरवडून काढली. तीन फडकी काळी झाली. त्या घाणीवर कुठलीही फिल्म टिकत नाही. मग हीटगनच्या गरम हवेनं फिल्म बसवली, हळूहळू, फार ताण न देता, कडा आत वळवून. मागच्या छोट्या काचेपाशी पट्टी निमुळती होऊन वर वळते, तिथे मात्र दोनदा फिल्म वाया गेली आणि तिसऱ्यांदा सुरकुती राहिली. तिथे मी हात टेकले.

लगेच घरात सुरू झालं. "अरे, माणूस लाव की! ज्याचं काम त्यानं करावं." आई म्हणाली, बायको म्हणाली, वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले. मार्चमध्ये लावला माणूस.

दुकानाच्या मालकानं माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "आ तो काढवुं पडशे, शेड मॅच नहीं थाय." मी म्हटलं, उजवी बाजू आणि कोपरे तेवढे करा. तर म्हणे मग वॉरंटी नाही. आणि मी ऐकलं, याचाच सगळ्यात जास्त त्रास होतोय.

दोन तासांत गाडी तयार. चार दारं आणि दोन्ही कोपरे, दोन तासांत! रबराखालची घाण जिथल्या तिथे आहे, काल फिल्म सोलली तेव्हा तिच्या गोंदावर काळा थर निघाला. फिल्म ताणली की मूळ आकाराकडे परत जाऊ बघते. म्हणून शेवटी कडा आणि वळणं ९० अंशांच्या वर तापवून ती ओढ मारायची असते. ती मारली नाही तर वडोदऱ्याच्या मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, उन्हातल्या पत्र्यावर ती आक्रसणारच. बिलावर लिहिलंय कास्ट विनाइल. विनाइल दोन प्रकारचं असतं. कास्ट साधारण ५० मायक्रॉनचं, पातळ, वळणावर बसणारं. कॅलेंडर्ड जाड, स्वस्त आणि जास्त आक्रसणारं. सोललेला तुकडा माझ्या उरलेल्या कास्टशेजारी धरला, फरक बोटांना कळतो.

फिल्मचं एक वेळ सोडा. पट्टीच्या अगदी खाली, दाराच्या रंगावर कटरची रेघ आहे. वीतभर लांब, केसासारखी. तिरक्या उन्हात दिसते, नख अडकतं, आणि एका ठिकाणी खालचा करडा प्रायमर उघडा पडलाय. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, त्यावर ब्लेड दाबून फिल्म कापायची? नाइफलेस टेप याचसाठी मिळते. ती आधी चिकटवायची, वर फिल्म बसवायची आणि टेपमधला दोरा ओढला की फिल्म कापली जाते, ब्लेड रंगाला लागतच नाही. आता पावसाळा तोंडावर आलाय. तिथून गंज धरला तर दार कोण रंगवून देणार?

फोन केला तर म्हणतो, "गरमी छे ने साहेब, एवुं थाय. लई आवो, चोंटाडी आपीश." म्हणजे घेऊन या, चिकटवून देतो. वडोदऱ्यात धंदा करतोस तर वडोदऱ्याचं ऊन धरूनच काम करायला हवं! आणि उचललेल्या कडेत एकदा धूळ बसली की ती पुन्हा चिकटत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

राग पैशाचा नाही असं मी म्हणणार नाही, पैशाचाही आहे. पण मी ज्या कोपऱ्यात हरलो तो त्याला एका फटक्यात जमला, अगदी सफाईनं. हात आहे त्याच्याकडे. म्हणजे येत नव्हतं असं नाही, केलं नाही. धुणं, तापवणं, कड आत घालणं, ज्यासाठी म्हणून माणूस लावायचा तेच सगळं गाळलं, आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

माझी पट्टी काढताना त्याच्या पोरानं ओढून बघितली, सुटेना. शेवटी हीटगन लावून, दोनदा थांबत काढली त्यानं. मी समोर उभा होतो.

येत्या रविवारी डावी बाजू पुन्हा करायला घेतोय, पहाटे, ऊन चढायच्या आत. उरलेली फिल्म दोन दारांना पुरेल.