शिंकणारी कोंबडी आणि ‘साध्या सर्दी’चा मेसेज

घरामागे चार-दोन कोंबड्या पाळणाऱ्यांपर्यंत हा मेसेज कुठून ना कुठून पोचतोच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: “कोंबडी शिंकायला लागली, नाक गळायला लागलं तर घाबरू नका, साधी सर्दी आहे. पाण्यात ठेचलेला लसूण आणि व्हिनेगर घाला. चोचीत तेलाचे चार थेंब सोडा. खुराडं चारी बाजूंनी बंद करून ऊब द्या. तरी फरक नाही पडला तर घरातली अँटिबायोटिकची गोळी पाण्यात विरघळवून दोन दिवस पाजा. शिंका थांबल्या की परत कळपात सोडा. माणसाला यातलं काही होत नाही.”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. आजारी पक्ष्याला ऊब लागते, एवढं त्यात बरोबरही आहे. पण बाकीचा सल्ला जसाच्या तसा पाळला तर एका कोंबडीचं दुखणं सगळ्या खुराड्याचं होतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देत आहे.

“साधी सर्दी आहे.”

माणसाची सर्दी आठवड्याभरात आपोआप जाते. तो हिशेब कोंबडीला लावता येत नाही. शिंका, घरघर, गळणारं नाक, उघडी चोच ही लक्षणं कितीतरी वेगवेगळ्या रोगांत दिसतात आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत.

मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग, म्हणजे सीआरडी, आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसतो, रात्री घरघर ऐकू येते, पण कोंबडी खातपीत असते. कोरायझा हाही जंतूचाच आजार, पण तो लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत दिसू लागतो: चेहरा सुजतो, डोळा मिटतो आणि नाकातल्या चिकट स्रावाला असा कुजका वास येतो की कोंबडी हातात घेतल्याबरोबर कळतं. इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस हा कोरोनाविषाणूचा आजार, १९३१ पासून माहीत असलेला. तो वाऱ्यासारखा पसरतो. एक शिंकली की दोन दिवसांत सगळ्या शिंकतात, आणि मग अंडी सुरकुतलेल्या, पातळ कवचाची येऊ लागतात, फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पसरतो. लॅरिन्गोट्रॅकायटिसमध्ये कोंबडी मान लांब ताणून हवेसाठी झगडते, कधी खोकताना रक्ताचे शिंतोडे भिंतीवर उडतात. मानमोडीतही, म्हणजे राणीखेत रोगातही, सुरुवात श्वासाच्या त्रासाने होऊ शकते. हिरवी हगवण आणि वाकडी मान नंतर दिसते.

शिवाय काही कारणं अशी की त्यात जंतूही नसतो आणि विषाणूही नसतो. बुरशी लागलेलं खाद्य किंवा भुसा असेल तर बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन रुजतात. लहान पिल्लं यात पटापट दगावतात. श्वासनळीत गेपवर्म नावाचा लाल कृमी चिकटला की पिल्लू वारंवार जांभई दिल्यासारखी चोच उघडतं आणि डोकं झटकतं. हा कृमी गांडुळं आणि गोगलगायी खाल्ल्याने पोटात जातो, आणि त्यावर जंताचं योग्य औषध गुणकारी ठरतं. कोंबड्यांची देवी मात्र विषाणूचाच आजार, पण तिचा एक प्रकार तोंडाच्या आत होतो. घशात पिवळसर पापुद्रे वाढून श्वास अडतो. आणि भर उन्हात चोच उघडून धापा टाकणारी कोंबडी आजारी असेलच असं नाही. तिला घामाच्या ग्रंथी नसतात, अंगातली उष्णता ती अशीच बाहेर टाकते.

धूळस्नानानंतरची एखाद-दुसरी शिंक सोडून द्यावी, यात वाद नाही. खरी पारख करायची तर रात्री कोंबड्या बसल्यावर, सगळं शांत असताना, खुराड्याशी दोन मिनिटं उभं राहावं. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. घरघर, शिट्टीसारखा आवाज किंवा बुडबुडे फुटल्यासारखा आवाज आला की कुठली कोंबडी ते टॉर्च लावून शोधावं आणि त्याच रात्री तिला वेगळं ठेवावं.

“लसूण आणि व्हिनेगर.”

यावर फार लिहिण्यासारखं नाही. थोड्या लसणाने कोंबडीचं वाकडं होत नाही, पण श्वासनळीतला विषाणू त्याने मरत नाही. नुकसान होतं ते दुसरीकडे. आजारी कोंबडीला पाण्याची चव आवडली नाही तर ती पाणीच कमी पिते, आणि त्या दिवसांत तिला स्वच्छ पाण्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात व्हिनेगर मुळीच घालू नये. आम्लाने जस्त सुटून पाण्यात उतरतं.

“चोचीत तेलाचे थेंब.”

हे मात्र कृपा करून कोणी करू नका. कोंबडीची चोच उघडून आत पाहिलं तर जिभेच्या मुळाशी एक छोटी फट श्वासाबरोबर उघडताना-मिटताना दिसते. ती श्वासनळीची वाट. आपल्यासारखा झाकण घालणारा पडदा तिथे नसतो. आधीच धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात तेल सोडलं की ते अन्ननलिकेऐवजी त्या फटीत उतरायला वेळ लागत नाही.

आणि आत उतरलेलं तेल बाहेर काढणं कोंबडीला जमत नाही. तिची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत, ती फासळ्यांना घट्ट चिकटलेली असतात. हवा खेळवण्याचं काम नऊ हवापिशव्या भात्यासारख्या करतात, आणि छाती-पोट वेगळं करणारा आपल्यासारखा श्वासपटल तिला नाही. हवापिशव्यांना रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे तिथे साठलेली घाण आणि तिथला संसर्ग हटता हटत नाही. याच कारणाने आजारी कोंबडीची छाती हातात घट्ट दाबून धरू नये, तिला उताणी ठेवू नये. छाती हलायला जागा नसेल तर तिचा श्वासच थांबतो.

“खुराडं चारी बाजूंनी बंद करा.”

ऊब आणि कोंदटपणा यांची इथे गल्लत झाली आहे. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि बंद खुराड्यात तो साचतो. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते धूळ आणि जंतू सतत बाहेर ढकलत राहतात. अमोनियाने हे तंतू निकामी होतात आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. कोंबडीघरातल्या हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या, खाली असावा असं सांगतात. तो मोजायचं यंत्र घरी नसतं, नाक असतं. मात्र उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. कोंबडी जिथे बसते त्या उंचीवर वाकून वास घ्यावा. तिथे नाकाला झोंबलं तर भुसा त्याच दिवशी बदलावा.

वारा थेट अंगावर येऊ नये, पण बसायच्या दांडीच्या वर, छताजवळ, हवा जायला-यायला झरोका उघडा हवा. आजारी कोंबडीला ऊब द्यायची ती वेगळ्या, कोरड्या, हवेशीर खोक्यात, एका बाजूला दिवा लावून. म्हणजे गरम वाटलं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येतं.

“घरातली अँटिबायोटिक.”

विषाणू, बुरशी आणि कृमी यांवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणजे वर सांगितलेल्या रोगांपैकी बहुतेकांवर ती वाया जाते. उरलेल्यांतही कुठली द्यायची हा प्रश्न असतोच. घरातल्या डब्यात बहुधा अमॉक्सिसिलिन सापडते. पेनिसिलिनच्या जातीची ही औषधं जंतूची पेशीभित्तिका बांधू देत नाहीत, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते! त्यामुळे जुनाट श्वसनरोगावर ती गोळी कितीही दिली तरी मायकोप्लाझ्माला धक्का लागत नाही. त्यावर टायलोसिनसारखी वेगळी औषधं आहेत. मात्रा आणि दिवस पशुवैद्यकाने ठरवायचे.

दोन दिवसांत थांबवलेला डोस आणखी वाईट. कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या खेपेला लागू पडणारं औषधही पडत नाही. अंड्यांचा मुद्दा तर मेसेजमध्ये नाहीच. कोंबडीला दिलेलं औषध अंड्यात उतरतं. औषध संपल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते विचारल्याशिवाय अंडी घरात घेऊ नयेत, कोणाला देऊही नयेत.

“शिंका थांबल्या की कळपात सोडा.”

सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वांत घातक वाटतं ते हे वाक्य. मायकोप्लाझ्माची लागण झालेली कोंबडी औषधाने टवटवीत दिसू लागते, पण जंतू तिच्या अंगात जन्मभर राहू शकतो आणि अंड्यातून पिल्लांतही उतरतो. कोरायझातून उठलेली कोंबडीही वाहक राहते. लॅरिन्गोट्रॅकायटिसचा विषाणू मज्जापेशींत दडून बसतो आणि अंडी सुरू होण्याच्या काळात किंवा जागा बदलल्याच्या ताणाने पुन्हा बाहेर पडतो. म्हणूनच कधी कधी नवी, ठणठणीत दिसणारी कोंबडी आणली आणि पंधरवड्यात जुन्या सगळ्या शिंकू लागल्या असं होतं.

तेव्हा निदान झाल्याशिवाय परत सोडण्याचा निर्णय घेऊ नये. श्वासनळीतला नमुना कापसाच्या बोळ्यावर घेऊन पीसीआर चाचणी करता येते. एखादी दगावलीच, तर ती पिशवीत गुंडाळून थंड ठेवावी, गोठवू नये, आणि तपासणीला द्यावी. त्या एका शवविच्छेदनातून उरलेल्यांचा जीव वाचू शकतो. नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवावी. दाणापाणी आधी निरोग्यांना, मग आजाऱ्यांना, आणि आजाऱ्यांकडची चप्पल व भांडी तिकडचीच. जंतुनाशक शिंपडण्याआधी विष्ठा खरवडून जागा धुवावी, कारण घाणीवर पडलेलं जंतुनाशक तिथेच निष्प्रभ होतं.

“माणसाला काही होत नाही.”

कोरायझा किंवा इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस माणसाला होत नाही, हे खरं. पण मानमोडीच्या विषाणूने डोळे येतात. बर्ड फ्लूचं तर सांगायलाच नको: १९९७ साली हाँगकाँगमध्ये आधी कोंबड्यांत मर झाली, मग एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची १८ माणसांना लागण झाली आणि त्यातली ६ दगावली. घरी बसून कोंबडीकडे पाहून बर्ड फ्लू ओळखता येत नाही. तरी एका-दोन दिवसांत अनेक कोंबड्या पटापट मेल्या, तुरे जांभळे पडले, डोकी सुजली, तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नये, ती कापू नये, खाऊ नये, ओढ्यात किंवा उघड्यावर टाकू नये. मुलांना लांब ठेवावं आणि सरकारी पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवावं. स्वतःला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्या मेल्याचंही आवर्जून सांगावं. त्यांनी विचारलं नाही तरी सांगावं.