वाट आहे, पण पाण्याखाली

भंडारदऱ्याला स्वतःच्या गाडीनं जाणारी माणसं धरण, रंधा धबधबा आणि कांदाभजी एवढं उरकून संध्याकाळच्या आत घरी येतात. आमच्या मेहुण्याला हे मंजूर नाही. "दाजी, डोंगर बघायचा तर एसटीनं जायचं आणि पायी हिंडायचं," असं तो गेली तीन वर्षं म्हणत होता. यंदा सप्टेंबरात बायकोनं "जा की एकदाचे" म्हटल्यामुळे माझा नाइलाज झाला.

सकाळी नाशिकच्या जुन्या सीबीएसवर गाडी लागली, तशी मेहुण्यानं खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला. आम्ही दाराच्या रेटारेटीतून आत शिरून बघतो तो सीटवर रुमाल नाही. शेजारची गाडी निघाली तेव्हा उलगडा झाला. रुमाल तिच्यात होता आणि ती त्र्यंबकेश्वरला चालली होती. आमच्या घराण्यातलं कुणीतरी त्या दिवशी त्र्यंबकरायाच्या पायाशी पोचलं, हेच समाधान. आम्ही घोटीपर्यंत उभ्यानं गेलो.

बारीला निम्मी गाडी रिकामी झाली. तिथून कळसूबाईची वाट आहे. 1646 मीटर, महाराष्ट्राचा माथा. काठ्या, टोप्या घेतलेली पोरंपोरी उड्या मारत उतरली. मीही उतरायला लागलो होतो. शिखराचं एक बरं असतं, वर गेलं की संपतं. पण मेहुण्यानं दंड धरून बसवलं. "कळसूबाई कुणीही करतं. आपण तलावाच्या कडेकडेनं मुरशेतच्या पुढं जायचं. सपाट वाट आहे. म्हातारं माणूससुद्धा चालेल." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नसतं तरी चाललं असतं.

धरणाजवळच्या शेंडी गावात उतरून चहा घेतला. हॉटेलवाल्यानं विचारलं, "रतनवाडीला होडीनं जाता का?" मेहुणा हसला. होडीनं जाणं म्हणजे त्याच्या लेखी सोंगट्या न फिरवता घर गाठणं. त्याच्या मोबाइलमध्ये वाटेची निळी रेघ होती, कुणीतरी स्वतः चालून नोंदवलेली. तिच्यावर त्याची आईपेक्षा जास्त श्रद्धा.

इथं धरणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच. प्रवरेवरचं हे विल्सन धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 साली पुरं झालं. 82 मीटर उंच, सगळं दगडी. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचं नाव त्याला दिलं. साहेबानं पाणी उत्तम अडवलं, पण त्याच्या कडेनं पुढं कुणी दोन जण चालत जाणार आहेत हे काही त्याच्या ध्यानात आलं नसावं. अडवलेलं पाणी दिसेल त्या ओढ्यात, घळीत, खाचरात घुसून बसतं. तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताट येतं. हा पसरलेला पंजा आहे. प्रत्येक ओढ्याचं एक बोट, आणि काठानं जायचं म्हणजे बोटाच्या पेरापर्यंत आत जायचं, वळायचं, परत बाहेर यायचं.

पलीकडच्या काठावर एक उंबर होता. आरोळी मारली तर उंबराखालच्या म्हशीनं मान वळवली असती, इतका जवळ. सव्वा तासानं आम्ही त्या उंबराखाली पोचलो. म्हैस कंटाळून घरी गेली होती. उंबरापुढे दुसरं बोट सुरू झालं.

वाट सुंदर होती, हे नाकारत नाही. खुरासणी पिवळी फुलली होती, भात पोटरीत आलं होतं, बांधावरच्या बिळात खेकडे आमची चाहूल लागताच दार लावून घेत होते. समोर रतनगडाचं नेढं, म्हणजे माथ्यावरच्या खडकातलं आरपार भोक, ढगातून डोळा मारत होतं. पण तिसऱ्या बोटाशी मेहुणा थांबला. मोबाइल उलटासुलटा केला. पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "दाजी, वाट तिकडं आहे."

'तिकडं' पाणी होतं.

निळी रेघ काठापासून बरीच आत, तलावातून ऐटीत चालली होती. ती नोंदवणारा माणूस मे महिन्यात आला होता. मे महिन्यात तळं तळाशी गेलेलं असतं, उघड्या पडलेल्या गाळावरून खुशाल चालता येतं. आता तळं काठोकाठ होतं. भंडारदरा भरलं की नगर जिल्ह्यात ते नातू झाल्यासारखं एकमेकांना सांगतात, आणि ही बातमी आम्ही दोघांनीही पेपरात वाचली होती. म्हणजे वाट अगदी बरोबर होती. फक्त वीस फूट खोल होती.

खाचरातल्या एका बाबांना विचारलं. "वाट हाय की," ते म्हणाले, "उन्हाळ्यात या." मग मुरशेत किती लांब, विचारलं. "हे काय, इथंच." 'इथंच' हे या भागातलं अंतराचं माप आहे. एक इथंच म्हणजे साधारण दोन तास. 'हे काय इथंच' म्हटलं तर थोडं जास्त.

पाच वाजत आले. शेंडीला परतायचं तर सगळी बोटं पुन्हा मोजायची. तेवढ्यात पाण्यावरून हॉर्न ऐकू आला. वरच्या रस्त्यानं लाल गाडी वळणं घेत येत होती. गंमत म्हणजे रस्तासुद्धा त्याच बोटांना वळसे घालत होता. गाडी दिसायची, घळीत शिरायची, बऱ्याच वेळानं बाहेर यायची. आयुष्यात पहिल्यांदाच एसटीबद्दल मला आपुलकी वाटली. कारवीच्या रानातून ओरबाडून घेत आम्ही चढलो आणि गाडीच्या चांगलं पाच मिनिटं आधी रस्त्यावर पोचलो. मेहुण्यानं विजयानं हात केला. गाडी थांबली.

"शेंडी दोन," मी म्हणालो.

"शेंडीहूनच आलोय," कंडक्टर म्हणाला. "रतनवाडी. मुक्कामी हाय. सकाळी निघंल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि चढलो. दुसरं करणार काय? गाडीत बाजार करून परतणाऱ्या बाया होत्या. त्यांनी आमच्या चिखलाच्या पँटी बघितल्या आणि काही विचारलं नाही. तो सभ्यपणा मला जास्त लागला.

रतनवाडीत एका घरी नागलीची भाकरी, पिठलं आणि अंथरूण मिळालं. घरी फोन लावला. बायको म्हणाली, "त्याच्याबरोबर गेलात तेव्हाच मी दोन माणसांचा भात कमी टाकला होता."

रात्री केव्हातरी जाग आली तर मेहुणा शेजारी नव्हता. थोड्या वेळानं बॅटरी घेऊन परतला. "कुठं गेला होतास?"

"गाडीपाशी. खिडकीतून पंचा टाकून आलो, पहिल्या सीटवर. या खेपेला गाडी एकच आहे, दाजी."

पहाटे आम्ही ऐटीत गेलो. गाडीत दुधाच्या किटल्या होत्या, दोन कोंबड्या होत्या, शाळेची पोरं होती, आणि पहिल्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. पंचा त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवला होता.

"कुनाचा रं हा?" त्यांनी गाडीभर नजर फिरवून विचारलं. "रातच्याला इसरलं वाटतं कुनी."

मेहुणा खिडकीबाहेर रतनगड बघू लागला. मीही बघू लागलो. शेंडीपर्यंत उभ्यानं तो फार चांगला दिसतो.