सही म्हणजे सहभाग नव्हे
संमतीपत्रावर सही घेतली की सर्वेक्षणात लोकांचा सहभाग झाला, हे सर्वेक्षणांविषयीच्या एका लेखातील विधान मला पटले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात माझी आई विड्या वळते. मागे आलेल्या सर्वेक्षकांनी ‘रोज किती तास वळता?’ एवढेच विचारले. तेंदूची पाने भिजवणे, ती कात्रीने मापात कापणे आणि नापास म्हणून बाजूला काढलेल्या, मजुरी न मिळणाऱ्या विड्या, यांसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. मजुरी १००० विड्यांमागे ठरत असताना नुसत्या तासांवरून तिची कमाई कशी कळणार? शिवाय आमची घरची भाषा तेलुगू आणि प्रश्नावली मराठीत, त्यामुळे निम्मी उत्तरे मीच दिली. प्रश्न ठरवतानाच गल्लीतल्या चार जणींना सोबत बसवायला हवे होते. त्या सर्वेक्षणाचा अहवाल आम्हाला आजतागायत कोणी वाचून दाखवलेला नाही.