केसांना कुठं जीव असतो? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. वयानं मोठा आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या माझ्या लेकाच्या कटिंगबद्दल मी लिहिलेलं वाचून तुमचं म्हणणं असं : पोराला डोक्यावर बसवलंय, केसांना कुठं जीव असतो, दोघांनी धरलं की पाच मिनिटांत काम होतं.

अहो, धरूनच तर सुरुवात केली होती. जावळाच्या वेळी मामाच्या मांडीवर आकांत केला, तेव्हा सगळीच पोरं रडतात म्हणून सोडून दिलं. चार वर्षांचा असताना इथंच सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दुकानात त्याच्या बाबांनी हात धरले, मी डोकं. तुमचा हिशेब बरोबर, पाच मिनिटंच लागली. पुढं वर्षभर स्कूटर त्या रस्त्याला वळली की हा मागं बसून किंचाळायचा. गळ्याभोवती टॉवेल नको, डोक्यावर पाणी नको.

केसांना जीव नसतो, कबूल. पण केसाच्या मुळाभोवती मज्जातंतू असतात, केस नुसता हलला तरी ते मेंदूला कळवतात. तुमचा-माझा मेंदू त्यातलं बरंचसं कानाआड करतो, याचा करत नाही. त्यात मशीन कानाजवळ आलं की थरथर कवटीच्या हाडातून आत पोचते, कान झाकूनही ती थांबत नाही. आवाजाचा, स्पर्शाचा असा जास्त त्रास होणं (काहींना उलट फार कमी जाणवतं) हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत, २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, नोंदवलेलं आहे. माझे लाड नव्हेत ते.

मग ऑक्युपेशनल थेरपिस्टताईंच्या (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेतात त्या) सांगण्यावरून बंद मशीन आधी तळहातावर, मग गुडघ्यावर, मग खांद्यावर. चालू करायला दीड महिना गेला. दुकानातलं कापड नको, तर बाबांचा जुना शर्ट उलटा घालून. फवाऱ्याऐवजी ओला रुमाल. मानेवर पावडरचा ब्रश तर अजिबात नाही. आणि मोठ्यानं दहापर्यंत आकडे : दहा म्हटलं की कात्री थांबणार, एक बट अर्धी राहिली तरी. एकदा मीच ‘एवढंच राहिलंय’ म्हणून अकरावर नेलं आणि तीन आठवडे मागं गेलो.

सलूनवाल्या दादांची सोमवारची सुटी मी खाते, हा तुमचा टोमणा मात्र लागला. खरंच आहे. दुकान बंद, गर्दी नाही, टीव्ही नाही, म्हणून ते अर्धं शटर वर करून आम्हाला आत घेतात. जास्तीचे पैसे घेत नाहीत, म्हणून निघताना आरशापुढं भडंगाची पुडी ठेवून येते.

आणि हो, फोटोत डाव्या कानामागं बटा लोंबतायत हे तुम्ही बरोबर हेरलंत. मशीन अजून तिथवर गेलेलं नाही. सध्या तिथं नुसतं बोट लावतोय, चारपर्यंत आकडे म्हणून.