माझी मावशी 'आंट' नव्हती

आज संध्याकाळी भाचीची इंग्रजीची वही चाळताना मन फार अस्वस्थ झाले. 'माझे कुटुंब' या पानावर तिने मावशी, आत्या, काकू आणि मामी असे चार शब्द लिहिले होते. बाईंनी चारही शब्दांवर लाल रेघ ओढून शेजारी एकच शब्द लिहिला होता, 'आंट'. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच शिकवणार, एवढे मला मान्य आहे. पण लाल रेघ कशासाठी? त्या शब्दांत चूक ती कोणती?

हा राग आजचा नाही. २०११ साली मावशी गेली, तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होते. मी सात वर्षांची असताना आई वारली आणि तेव्हापासून लग्न होईपर्यंत मी चिपळूणला मावशीच्या घरी वाढले. रजेच्या इंग्रजी अर्जात नात्याच्या रकान्यात मी 'आंट' लिहिले, आणि जवळच्या नातेवाइकांच्या यादीत आंट बसत नाही असे सांगून मला अर्ध्या दिवसाची सवलत देण्यात आली. मी पोहोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परतली होती.

ज्या शब्दाने माझी वाट अडवली, तो मुळात मावशीचा शब्दच नव्हे. लॅटिनमध्ये आत्याला 'अमिता' आणि मावशीला 'मातेर्तेरा' म्हणत, आणि 'आंट' हा शब्द फ्रेंचमार्गे त्या 'अमिता'पासून आला आहे. 'अंकल'चे मूळही लॅटिनमधल्या मामाच्या शब्दात आहे, काकाच्या नव्हे. जुन्या इंग्रजीत मावशीसाठी 'मोद्रिये' असा स्वतंत्र शब्द होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचे वजन वाढत गेले आणि तो मागे पडला. स्वीडिश भाषेत मात्र मावशीचा शब्द आजही 'आई' आणि 'बहीण' हे दोन शब्द जोडूनच होतो, अगदी आपल्या संस्कृत 'मातृष्वसा'सारखा, ज्यातून आपली 'मावशी' आली. तुर्की लोकही 'तेयझे' म्हणजे मावशी आणि 'हाला' म्हणजे आत्या यांची गल्लत करत नाहीत.

आता मराठी तरी सगळीकडे कुठे चोख आहे, असे कुणी म्हणेल. आईचे वडील आणि वडिलांचे वडील आपल्याकडे दोघेही आजोबाच, हिंदीत मात्र नाना आणि दादा निराळे. ठीक आहे, मान्य.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, कारण मला हवाईची भाषा आठवली. तिथे आई, मावशी आणि आत्या या तिघींसाठी 'माकुआहिने' हा एकच शब्द चालतो. शब्द तिथेही एकच, पण तिथे मावशी आईच्या शेजारी येऊन बसते. माझ्या अर्जातल्या एका शब्दाने तिला उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवले. माझी वेणी घालणारी, परीक्षेच्या दिवसांत माझ्याबरोबर पहाटे चारला उठून चुलीपुढे बसणारी बाई त्या यादीत कुणीच नव्हती.

पुढच्या वर्षी रजेच्या अर्जात मी 'आईचे वर्षश्राद्ध' असे कारण लिहिले. एकही प्रश्न न विचारता रजा मंजूर झाली.