सांगायचं आम्ही, पण ऐकून कोण घेणार?

आज सकाळी लेकाची रोड टेस्ट झाली. पास झाला! आनंदाने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. अभिनंदनाच्या ओळीत एका गृहस्थांनी लिहिलं, "पोलिसाने थांबवलं तर काय करायचं तेही शिकवा. नियम पाळला की काही होत नाही." त्यावर दहा जणांचे अंगठे. तेव्हापासून मी धुमसतेय.

नियम पाळला की काही होत नाही?

पुण्या-सांगलीच्या मंडळींसाठी सांगते. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. एका रात्री दुकान बंद करताना दोघं पिस्तूल रोखून आत शिरले. त्यानंतर त्याने आठ तासांचा कोर्स केला, बोटांचे ठसे दिले, शेरीफकडून, म्हणजे इथल्या काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडून, पिस्तूल अंगावर बाळगायचं परमिट काढलं. "घरात बंदूक कशाला?" हे तुम्ही विचारालच. मीही वर्षभर विचारलं, अजून मनातून गेलेलं नाही. पण आज ते नाही. इथला कायदा असा की परमिटवाल्याजवळ पोलीस आला किंवा त्याच्याशी बोलला, की त्याने विचारायची वाट न बघता आपणहून सांगायचं: माझ्याकडे परमिट आहे आणि आत्ता पिस्तूल अंगावर आहे.

आम्ही एकदा शार्लटहून बारसं आटपून परत येत होतो. लेक मागे झोपलेला, तेव्हा नऊ वर्षांचा. गाडीचा मागचा दिवा गेला होता, म्हणून पोलिसाने थांबवलं. नवऱ्याने आतला लाइट लावला, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पहिलं वाक्य तेच बोलला. पोलिसाचा हात कमरेशी गेला. आणि नेमका माझ्या पायाशी, पर्समध्ये, फोन वाजायला लागला. आई. आमचे रात्रीचे ११, तिचे सकाळचे साडेआठ, रोजची वेळ. माझा हात सवयीने खाली निघाला. नवरा समोर बघतच मराठीत म्हणाला, "हलू नकोस." त्या पोलिसाला आपली भाषा कुठली कळणार? त्याची नजर आणखी कडक झाली. फोन वाजत राहिला.

फिलँडो कॅस्टीलने काय वेगळं केलं होतं? ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फॅल्कन हाइट्स. त्याचीही गाडी पोलिसाने थांबवली होती. बत्तीस वर्षांचा माणूस, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा. कुठल्या मुलाला दूध चालत नाही हे त्याला पाठ असायचं, असं सहकारी सांगत. परमिट होतं. मिनेसोटात तर पोलिसाने विचारल्याशिवाय सांगायचं बंधनही नाही. तरी त्याने अदबीने, 'सर' म्हणून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. आधी लायसन्स मागितलं होतं, आता "तिकडे हात नेऊ नकोस" सुरू झालं. लायसन्स काढायचं की हात जागेवर ठेवायचे? तो सांगत राहिला की मी पिस्तूल काढत नाहीये. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. तो गेला. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या जूनमध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

मागच्या सीटवर मूल. मला तिथून पुढे जाताच येत नाही.

मान्य, रात्री अनोळखी गाडीच्या खिडकीशी एकट्याने जाणाऱ्या पोलिसालाही जिवाची भीती असते. तेही असे मारले जातात. पण भीती दोन्हीकडे असेल, तर शांत राहायची जबाबदारी एकट्या आमच्यावर का? आमचं वाक्य कायद्याने ठरवून दिलंय. ते ऐकल्यावर पोलिसाने काय बोलायचं, हे त्याच कायद्यात का नाही? "हात आहेत तिथेच ठेवा, लायसन्स नंतर बघू." एवढं एकच वाक्य! आणि ते म्हणायची सवय होईपर्यंत सराव.

काहीजण म्हणतात, सांगायची सक्तीच काढा. ओहायोने २०२२ मध्ये काढली, आता तिथे विचारलं तरच सांगायचं. आम्ही वॉशिंग्टनला जाताना व्हर्जिनियाची हद्द लागली की तिथेही आपणहून सांगायचं बंधन नाही. मला ते पटत नाही. न सांगता शर्ट वर सरकला आणि पिस्तूल दिसलं, तर ते कितीतरी वाईट. सांगायलाच हवं, माझा नवरा कुठेही गेला तरी सांगेल. म्हणून तर चीड येते. आपली माणसं प्रामाणिकपणे सांगणारी आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगितल्यावर पुढे काय होणार हे खिडकीशी कोण उभं आहे त्यावर!

आमच्या खिडकीशी भला माणूस होता. फोन थांबल्यावर त्याने श्वास सोडला, म्हणाला, "तुमच्या पिस्तुलाला तुम्ही हात लावू नका, माझ्याला मी लावत नाही." दिव्याची ताकीद देऊन गेला. नवरा हा किस्सा पार्ट्यांमध्ये हसत सांगतो. मला अजून हसता येत नाही. त्या माणसाचे मात्र मनापासून आभार, तो कुठेही असो.

ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांनो, तुमच्यावर राग नाही. पण ते वाक्य माझ्या मुलाला सांगू नका. आज संध्याकाळी बापाने त्याला ड्राइव्हवेमध्ये बसवून तासभर शिकवलं: लाइट, काच, हात. बाबा शेजारी असतील तर आधी तू काय बोलायचं, तेही. लेक एकदा कंटाळून म्हणाला, "कळलं गं आई," आणि खिशातला वाजणारा फोन काढायला त्याने हात स्टिअरिंगवरून उचलला. मी केवढ्याने ओरडले!

नंतर सांगलीला फोन लावला. आईला सांगितलं, आम्ही रात्री गाडीत असू तेव्हा तू करू नकोस, घरी पोचले की मीच करेन. का, ते नाही सांगितलं.