सी किंगला भंगार म्हणण्याआधी

सी किंग हेलिकॉप्टरचा फोटो लावलेला एक मजकूर गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं असं: जगाने कधीच मोडीत काढलेली ही हेलिकॉप्टरं आपलं नौदल अजून उडवतं; आतले भाग घेतली तेव्हाचेच आहेत; सुटे भाग मिळत नाहीत ही नुसती सबब; आणि आता एमएच-60आर ही नवी हेलिकॉप्टरं आली आहेत, तर यांची गरजच काय?

‘कधीच मोडीत’ हे आधी तपासू. उत्तर समुद्राच्या थंडीत नॉर्वेने शोध आणि बचावासाठी सी किंग वापरली ती 1973 पासून 2023 पर्यंत. ब्रिटनच्या हवाई दलाची पिवळी सी किंग 2015 पर्यंत लोकांना समुद्रातून उचलत होती. 2022 मध्ये ब्रिटनने आणि 2024 मध्ये जर्मनीने आपली सी किंग युक्रेनला दिली. लढणाऱ्या देशाला कोणी भंगार पाठवत नाही.

आतले भाग तेव्हाचेच? हे तर साफ चूक. हेलिकॉप्टरचं वय सांगाड्यावरून मोजतात, पण गिअरबॉक्स, इंजिनं, रोटरची पाती यांचा हिशेब उड्डाणाच्या तासांवर असतो. तास भरले की भाग उतरतोच, मग तो वरून कितीही चकचकीत दिसो. धातूच्या पात्यांचंच बघा. पात्याच्या पोकळ कण्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असे आणि मुळाशी तो दाब दाखवणारा एक छोटा दर्शक. केसाएवढी चीर पडली तरी दाब उतरायचा आणि दर्शकाचा रंग बदलायचा. उड्डाणाआधी तंत्रज्ञ मान वर करून पाचही पात्यांचे दर्शक बघायचा. पुढे कंपोझिट, म्हणजे तंतू आणि राळ एकत्र करून बनवलेली, पाती आली. सांगाडा तोच, पाती नवी.

सबबीच्या आरोपाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आपली सी किंग ब्रिटनमध्ये येओव्हिलला वेस्टलँडने बनवली, पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकोर्स्कीची आणि बरेच भागही अमेरिकी. मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि ब्रिटनकडून येणारे भागही अडकले. पैसे होते, कुशल माणसं होती, पण भाग नव्हते, म्हणून हेलिकॉप्टरं जमिनीवर उभी राहिली. निर्बंध उठले सप्टेंबर 2001 मध्ये. भागांची चणचण आजही आहे आणि ताफा रोडावलाय, हे मान्यच. पण ज्या हँगरमध्ये माणसं रात्र रात्र जागून एकेक यंत्र उडतं ठेवतात, तिथे ‘सबब’ हा शब्द वापरू नये.

एमएच-60आरबद्दल थोडक्यात. 24 घेतली, त्यांची पहिली स्क्वॉड्रन मार्च 2024 मध्ये कोचीला सेवेत रुजू झाली. उत्तम यंत्र आहे, पण घेतलंय मुख्यतः पाणबुड्या शोधून मारायला. सी किंगच्या 42सी प्रकाराची केबिन मोठी, सैनिक आणि सामान नेण्यासाठीच केलेली. बुडत्यांना उचलताना ती जागाच कामाला येते.

मे 2021 मधलं तौक्ते वादळ आठवा. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज, म्हणजे सपाट तळाचं जहाज, भरकटत पालघरच्या किनाऱ्याकडे आला, त्यावर 137 माणसं. तटरक्षक दलाची चेतक हेलिकॉप्टरं गेली, कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हवाई तळावरून नौदलाचं सी किंगही गेलं. सगळे 137 जण सुखरूप परतले.